वाचता न येणाऱ्या आईने काय करावे?

सदर : घर आणि शाळा



मागच्या पावसाळ्यातली गोष्ट. आमच्या गल्लीतली एक आई सकाळी सकाळी दाराशी येऊन उभी राहिली. ती विड्या वळते, मालक अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत यंत्रमागावर आहेत. थोरला मुलगा चौथीत. हातात त्याचा चाचणीचा पेपर होता. पेपर तिने उलटा धरला होता. मी तो सरळ करून तिच्या हातात दिला, तेव्हा ती कसनुशी हसली.

म्हणाली, "बाई, काल पालकसभा झाली. पोरगं वाचनात लई मागं हाय म्हणाल्या मॅडम. घरी अभ्यास घेत जा म्हणाल्या. आता मला कुठं वाचाय येतंय? मी काय अभ्यास घिऊ, तुम्हीच सांगा की. चारचौघींत मान खाली घालून बसले. आता पालकसभेला जायचंच नाही. बचत गटातनं पाच हजार उचलते आन् क्लास लावते."

मी काही बोलू शकले नाही. कारण अठ्ठावीस वर्षे मीही शाळेत शिकवले, आणि या अठ्ठावीस वर्षांत हेच वाक्य मी किती आयांना ऐकवले असेल त्याची मोजदाद नाही. "घरी जरा लक्ष देत जा." बोलणाऱ्याला वाक्य सोपे वाटते, पण ऐकणाऱ्या बाईच्या काळजात ते काट्यासारखे रुतून बसते. समोरच्या माउलीला वाचता येते की नाही, तिच्या घरी दिवा किती वाजेपर्यंत असतो, ती संध्याकाळी किती वाजता विड्या देऊन परत येते, यातले मी क्वचितच विचारले. त्या दिवशी मला माझीच लाज वाटली.

तिला म्हटले, "कर्ज लगेच उचलू नकोस. मला पंधरा दिवस दे."

त्या पंधरा दिवसांत मी थोडे वाचन केले. तुम्हाला कदाचित नवल वाटेल, पण मुलांच्या शिकण्यात घराचा हात किती आणि कसा असतो, याचाच अभ्यास करणारी माणसे जगभर आहेत. कोणी घरोघर फिरतात, कोणी वर्गात बसतात, कोणी बाजारात जाऊन पोरांचे हिशेब तपासतात. त्यांना जे सापडले, ते आपल्या विडी वळणाऱ्या, धुणीभांडी करणाऱ्या, मागावर राबणाऱ्या घरांपर्यंत पोहोचत नाही. म्हणून आजचे हे सदर.

काळजी सगळ्यांनाच असते

पहिली गोष्ट त्या "लक्ष देत नाहीत" या आरोपाची. अमेरिकेत ॲनेट लारो नावाच्या समाजशास्त्रज्ञ बाईंनी दोन शाळांतल्या पहिली-दुसरीच्या मुलांच्या घरांचा अभ्यास केला. एका शाळेतली मुले कामगारांची, दुसरीतली सुशिक्षित सुखवस्तूंची. १९८९ साली त्यांचे पुस्तक निघाले. त्यांना काय दिसले? मुलाने शिकावे ही तळमळ दोन्हीकडे होती. फरक होता तो वेगळाच. कामगार आईबापांना वाटे, शिकवणे हे शिक्षकाचे काम, त्यात आपण अडाण्यांनी काय बोलावे? ते शाळेत बुजत. सुखवस्तू पालक मात्र शिक्षकाला बरोबरीने प्रश्न विचारत. शिक्षकांनी बुजण्याचा अर्थ लावला "यांना काळजी नाही" असा, आणि प्रश्न विचारण्याचा अर्थ लावला "हे जागरूक पालक" असा.

आमच्या गल्लीतल्या आईने पालकसभेत मान खाली घातली, तिचेही हेच झाले. तिच्या मनातली काळजी कोणाला दिसली नाही, दिसली ती फक्त खाली गेलेली मान. आणि आपल्या समाजाला तर शाळेच्या दाराशी बुजायला पिढ्यान्‌पिढ्या भाग पाडले गेले आहे. वर्गाबाहेर बसवलेल्यांची नातवंडे आणि पतवंडे आपण. हे बुजणे आपल्या स्वभावातले नाही. ते आपल्यावर लादलेले आहे, आणि म्हणून ते टाकताही येते.

निरक्षर आईचा उपयोग होतो का?

दुसरा प्रश्न खरा कळीचा. आईला वाचता येत नसेल तर तिचा मुलाच्या अभ्यासाला काही उपयोग होतो का?

याचे उत्तर शोधले आपल्याच देशातल्या लोकांनी. 'प्रथम' ही संस्था १९९५ मध्ये मुंबईच्या वस्त्यांतून सुरू झाली. तिच्या रुक्मिणी बॅनर्जी यांनी जेम्स बेरी आणि मार्क शॉटलंड या दोघांबरोबर राजस्थान आणि बिहारमधल्या सुमारे ४८० वस्त्यांत एक प्रयोग केला. सुमारे ९,००० आया त्यात होत्या. वस्त्यांचे चार भाग केले. एका भागात आयांसाठी साक्षरतेचे वर्ग चालवले. दुसऱ्या भागात कार्यकर्ती आठवड्यातून एकदा घरी जाई, आईला एक कागद देई आणि मुलाकडून आज काय करून घ्यायचे ते दाखवी. तिसऱ्या भागात दोन्ही केले आणि चौथ्यात काहीच केले नाही. मग मुलांची आणि आयांची परीक्षा घेतली.

२०१७ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. मी ते तिखटमीठ न लावता सांगते. मुलांच्या गणितात सुधारणा झाली. ती फार मोठी नव्हती, पण होती, आणि दोन्ही गोष्टी जिथे एकत्र केल्या तिथे जास्त होती. आया स्वतःही शिकल्या. घरी मुलाच्या अभ्यासाजवळ बसणाऱ्या आयांचे प्रमाण वाढले. म्हणजे निरक्षर आई निरुपयोगी नाही हे सिद्ध झाले. त्याचबरोबर एकट्या आईच्या खांद्यावर शाळेचे सगळे ओझे देता येत नाही, हेही सिद्ध झाले. ही दुसरी बाजू विसरू नका, पुढे लागणार आहे.

आणखी एक उदाहरण आफ्रिकेतल्या बोटस्वाना देशाचे. २०२० मध्ये कोरोनामुळे शाळा बंद पडल्या, तेव्हा तिथे काही पालकांना फोनवर नुसते संदेश पाठवले. काहींना संदेशाबरोबर आठवड्यातून एकदा पंधरा-वीस मिनिटे फोनही केला. फोनवर माणूस आईशी आणि मुलाशी बोले, एखादे गणित दोघांकडून करून घेई. नुसत्या संदेशाने फारसे काही साधले नाही. माणसाच्या आवाजाने मात्र मुले पुढे गेली. आपल्याकडे शाळांच्या व्हॉट्सॲप गटांवर रोज गृहपाठ येऊन पडतो. ज्या आईला वाचता येत नाही, तिच्या फोनवर आलेला तो गृहपाठ म्हणजे बंद पाकीटच. शिक्षक बंधू-भगिनींनी याचा जरूर विचार करावा.

रामजींच्या कंदिलाजवळ

आता कोणी म्हणेल, बाबासाहेबांच्या वडिलांनी त्यांना घडवले, तसे आपणही घडवले पाहिजे. खरेच आहे. परळच्या डबक चाळीतली ती एक खोली आपण सर्वांनी ऐकलेली आहे. सुभेदार रामजी भीमरावांना लवकर झोपवत, स्वतः जागे राहत, रात्री दोन वाजता मुलाला अभ्यासाला उठवत आणि मग आपण पाठ टेकत. पुस्तकांसाठी लेकींचे दागिने मागून आणत आणि गहाण ठेवत. पण रामजी स्वतः शिकलेले होते, लष्करी शाळेत मुख्याध्यापक होते. ज्या बापाला सही येत नाही, त्याने त्यांच्यापासून काय घ्यावे?

मी यावर बरेच दिवस विचार केला. रामजींनी इंग्रजी शिकवले ते आपल्यापैकी अनेकांना जमणार नाही. पण मुलाच्या झोपेची वेळ सांभाळणे, त्याला एक कोपरा आणि एक दिवा मिळवून देणे, पुस्तकाला सोन्यापेक्षा मोल देणे, यांतल्या एकाही गोष्टीला अक्षर लागत नाही. ते काम कंदिलाचे होते. कंदील निरक्षर हातांनीही लावता येतो.

हातातले ज्ञान

तिसरी गोष्ट मला सगळ्यांत जास्त भावली. अमेरिकेतल्या टूसॉन शहरात मेक्सिकोहून आलेल्या कामगारांची वस्ती आहे. लुईस मोल, नॉर्मा गोन्झालेझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथल्या शिक्षकांनाच संशोधक बनवले आणि मुलांच्या घरी पाठवले. जाताना सांगितले, पालकांना उपदेश करायचा नाही. या घराला काय काय येते ते शिकून यायचे. शिक्षकांनी पाहिले, कोणाला बांधकाम येते, कोणाला शेती, कोणाला औषधी वनस्पती, कोणाला व्यापार. या ज्ञानावर धडे रचले. १९९२ मध्ये हे काम जगापुढे आले. ज्यांना "मागासलेले घर" म्हटले जाई, ते घर ज्ञानाचा साठा निघाले.

आपल्याकडे मानखुर्दचे होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र आहे. तिथल्या अरिंदम बोस आणि के. सुब्रमण्यम यांनी मुंबईतल्या एका मोठ्या गरीब वस्तीत असाच शोध घेतला. घरोघर जरीकाम, शिवणकाम, चामड्याची पाकिटे असे उद्योग चालतात. तिथल्या मुलांना मापे, पैसे, वाटणी यांचे बरेच ज्ञान असते, पण शाळेच्या गणिताशी त्याची गाठच पडत नाही. २०२५ मध्ये अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो यांच्या गटाने कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांत काम करणाऱ्या मुलांविषयी हेच दाखवले. गिऱ्हाइकाचा अवघड हिशेब पोरगे तोंडी करते, आणि तसलेच गणित वहीत मांडले की अडते. उलट शाळेतल्या मुलांना वहीतले येते, पण बाजारातला हिशेब येत नाही. पोरे ढ नाहीत. बाजार आणि वही यांच्यामध्ये पूल नाही, एवढेच.

हा पूल आपल्या सोलापुरात घालायचा तर सामान घरातच आहे. पंचवीस विड्यांचा एक बंडल, चाळीस बंडल म्हणजे हजार विड्या. "छत्तीस बंडल झाले, हजाराला किती विड्या कमी?" हा प्रश्न आईने विचारावा, पोराने तोंडी सांगावे आणि मग वहीत मांडून दाखवावे. चादरीच्या घडीत किती चौकोन? आठवड्याच्या पगारातून रेशन, बस आणि हप्ता जाऊन काय उरले? एक इशारा मात्र देते. हिशेब पोराला करू द्या, पण पान आणि तंबाखू त्याच्या हातात देऊ नका. विड्या वळायला बसवलेले मूल गणित शिकत नाही, खोकला शिकते.

घराला दोषी धरू नका

आता ती राहिलेली दुसरी बाजू. घराचा हात लागतो म्हटले की शाळा आणि सरकार यांना हात झटकायला निमित्त मिळते. "पालक अडाणी, आम्ही काय करणार?" याला उत्तर याच मानखुर्दच्या केंद्राने १९८० च्या दशकात देऊन ठेवले आहे. वि. गो. कुलकर्णी आणि सु. चिं. आगरकर यांनी मुंबई महापालिकेच्या शाळांतली अनुसूचित जातींची मुले घेतली. घर तेच, आईबाप तेच, झोपडी तीच. आठवी ते दहावी या मुलांना जादा मार्गदर्शन दिले, प्रयोग हाताने करू दिले, पुस्तकी भाषेचा अडथळा दूर केला. मुलांचे गुण वाढले. अडचण बुद्धीत नव्हती. भाषा आणि शिकवण्याची पद्धत यांत ती मोठ्या प्रमाणात होती.

आणि याच्याही आधी आपल्या सोलापूरने हे पाहिले आहे. बहिष्कृत हितकारिणी सभेने ४ जानेवारी १९२५ रोजी सोलापुरात हायस्कूलच्या विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह उघडले. सोलापूर नगरपालिका त्याला महिना चाळीस रुपये देत असे. खेड्यातल्या ज्या आईबापांकडे द्यायला ना जागा होती, ना दिवा, ना पुस्तक, त्यांच्या मुलांसाठी समाजाने हे सारे उभे केले. "तुम्हीच घरी लक्ष द्या" असे बाबासाहेब त्या आईबापांना म्हणाले नाहीत. घर जिथे पुरे पडत नाही तिथे समाजाने घर व्हायचे, हा त्याचा अर्थ. त्या वसतिगृहाला शंभर वर्षे होऊन गेली. आज आपल्या किती विहारांत संध्याकाळी सहा ते आठ दिवा लागतो आणि पोरे पुस्तक उघडून बसतात? मोजून पाहा.

तर मग करायचे काय?

एक. रोज पंधरा मिनिटे पोराकडून मोठ्याने वाचून घ्या. टीव्ही आणि मोबाईल बंद. तुम्हाला अक्षर कळत नसेल, पण अडखळणे ऐकू येते. कुठे थांबला, कुठे गिळले, कुठे अंदाजाने ठोकले, ते आईच्या कानाला बरोबर कळते. अडलेल्या शब्दाखाली त्यालाच रेघ मारायला लावा आणि दुसऱ्या दिवशी शिक्षकांना विचारायला सांगा.

दोन. वाचून झाले की विचारा, "काय झालं रं गोष्टीत?" सांगता आले तर कळले. नाही आले तर उद्या पुन्हा तेच पान.

तीन. पालकसभेला जा, आणि पेपरावर सही किंवा अंगठा देण्याआधी म्हणा, "मॅडम, माझ्या पोराला वाचता येतंय का, मला समोर दाखवा." २००५ पासून 'असर' नावाची पाहणी देशभर खेड्यापाड्यांत होते. तिची माणसे शाळेत नव्हे, घरी येतात आणि मुलाला अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट अशा पायऱ्यांनी आईबापांसमोर वाचायला लावतात. आपले मूल कोणत्या पायरीवर आहे हे निरक्षर बापालाही त्या अंगणात कळते. ही पाहणी शहरात येत नाही, पण पायऱ्या तुम्ही विचारू शकता.

चार. ज्यांची मुले पहिलीत जाणार आहेत, त्यांनी शाळापूर्व तयारीचे मेळावे चुकवू नयेत. २०२२ मध्ये 'पहिले पाऊल' या नावाने आपल्या राज्यात ते सुरू झाले आणि त्यातून आयांचे गट बनले. गटात एकीला वाचता येत असले तरी बाकीच्या सगळ्यांचे भागते.

पाच. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने महापालिकेच्या, जिल्हा परिषदेच्या आणि अनुदानित शाळांत शाळा व्यवस्थापन समिती सक्तीची केली आहे. तिच्यात किमान तीन चतुर्थांश पालक हवेत, निम्म्या स्त्रिया हव्यात, आणि वंचित घटकांच्या मुलांच्या पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा हव्यात. या जागा मेहरबानीच्या नाहीत, हक्काच्या आहेत. त्या रिकाम्या किंवा नावापुरत्या राहू देऊ नका.

आता त्या आईविषयी. तिने कर्ज उचलले नाही. रात्री जेवणे झाली की पोरगा उंबऱ्यावर बसून वाचतो आणि ती दुसऱ्या दिवसाची पाने कापता कापता ऐकते. पहिल्या आठवड्यात तो रडला. तिसऱ्या आठवड्यात धाकटी बहीणही शेजारी येऊन बसू लागली. मी रविवारी जाऊन त्याच्या रेघा मारलेल्या शब्दांवर नजर टाकते. दिवाळीपर्यंत तो सुट्या शब्दांवरून परिच्छेदावर आला. जोडाक्षरे अजून अडतात, गोष्ट अजून सलग येत नाही. चमत्कार झालेला नाही, मी खोटे सांगणार नाही.

पण दिवाळीनंतरच्या पालकसभेला ती गेली. येऊन मला म्हणाली, "बाई, मी उभी राहिले आन् मॅडमना म्हणलं, मला वाचाय येत नाही, पण पोरगं कुठं अडतंय ते मला ठावं हाय. ह्या बघा रेघा."

मी विचारले, "मग मॅडम काय म्हणाल्या?"

"काय म्हणायच्या? वही घेतली आन् खाली बसल्या माझ्याजवळ."

अठ्ठावीस वर्षांत मी किती आयांजवळ अशी खाली बसले असेन, ते आठवून पाहिले. बोटांवर मोजण्याइतक्या. म्हणून माझ्या शिक्षक बंधू-भगिनींना हात जोडून सांगते, "घरी लक्ष द्या" म्हणण्याआधी एकदा त्या घरी जाऊन या. आणि माझ्या आयाबहिणींना सांगते, मान वर करून शाळेत जा. पेपर उलटा धरला तरी चालेल. पोराचा हात मात्र सोडू नका.

पुढच्या अंकी भेटूच. जयभीम.